अर्ध्या सुताचं अंतर

११ मे २०२१, मंगळवार. आमच्या घड्याळात सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं, कुडाळात अकरा वाजून दहा. शेवटचा आकडा एकसष्ट. फोनच्या त्या टोकाला माझी थोरली बहीण, ताई, आणि तिचे यजमान. या टोकाला डब्लिनजवळच्या ॲडम्सटाउनमध्ये, आमच्या स्वयंपाकघरात, मी आणि माझी बायको मंजिरी. आकडा अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रक्तातल्या ऑक्सिजनचा होता. चार दिवस ताई दिवसातून तीन वेळा मला तो कळवत होती आणि मी तो संगणकावरच्या तक्त्यात भरत होतो. बारा रकाने भरले होते. तेराव्या वेळी तिनं आकडा सांगितलाच नाही. "बाबू, अण्णा गेले रे," एवढंच म्हणाली. आणि मी विचारलं, "किती वाजता?"

मंजिरीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला. मला त्या वेळी दुसरं काही सुचलं नाही, हे खरं आहे. लिक्सलिपच्या चिपच्या कारखान्यात मी मापन विभागात काम करतो. गेली बावीस वर्षं मी वस्तू मोजतो आणि ती मापात आहे की नाही ते लिहून देतो. अण्णा चौतीस वर्षं सरकारी वर्कशॉपात फिटर होते. दोघांचा धंदा तसा एकच, पण आम्ही कधी एकमेकांशी कामाबद्दल बोललो नव्हतो. बोललो ते एकदाच, एका लाकडी गजावरून, आणि त्यात मी जिंकलो. आज सात आठवडे झाले. ते जिंकणं मला अजून उतरवता आलेलं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

अण्णा आमच्याकडे आले ७ फेब्रुवारी २०२०ला, तीन महिन्यांसाठी. परत गेले १९ सप्टेंबरला. दोनशे पंचवीस दिवस. अठराव्या वर्षी मी पुण्याला शिकायला गेलो, त्यानंतर त्यांच्याबरोबर सलग इतके दिवस मी कधीच राहिलो नव्हतो. आई गेल्यापासून ते एकटे होते आणि मोठ्या मिनतवारीनं आले होते. आल्या आल्या त्यांनी घर तपासलं. नळ, कड्या, बिजागऱ्या. स्वयंपाकघरातल्या प्रेसचं, म्हणजे कपाटाचं, एक दार जरा उतरलं होतं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आम्हीही आता तेच म्हणतो. अण्णांनी स्क्रूड्रायव्हर मागितला. मी म्हणालो, "अण्णा, राहू द्या. दाराची वॉरंटी आहे. आपण हात लावला तर ती जाते." ते थोडा वेळ दाराकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. "दाराक वॉरंटी?" म्हणाले. "बरा."

मग मार्चमध्ये सगळं बंद झालं. सत्तरीच्या पुढच्या माणसांनी घराबाहेर पडायचंच नाही असा नियम आला. अण्णा चौऱ्याहत्तर वर्षांचे. माझा कारखाना चालूच होता, मी सकाळी गाडी काढून जायचो. मंजिरीचे जेवणाचे डबे मात्र बंद पडले होते. ग्रँड कॅनाल डॉकला ऑफिसात जाणारी तिची सगळी गिऱ्हाइकं आता घरी बसून काम करत होती. मुलगी वर तिच्या खोलीत ऑनलाइन वर्गात, आणि खाली अण्णा आणि मंजिरी दिवसभर. एका संध्याकाळी मी आलो तर अण्णा स्वतःचे तळहात उलटेपालटे करून बघत बसलेले. मला म्हणाले, "काय तरी काम दी रे माका. बसान बसान हाताक गंज चढलो." मी त्यांना टॅबलेटवर बुद्धिबळ लावून दिलं.

काम त्यांना मिळालं ते कुंपणाच्या भोकातून. फेब्रुवारीतल्या वादळात आमच्या मागच्या अंगणाच्या लाकडी कुंपणाच्या दोन फळ्या उडाल्या होत्या. एकतीस सेंटीमीटरची फट. मी नवीन फळ्या आणणार होतो, तेवढ्यात दुकानं बंद झाली. फटीच्या पलीकडे फिन्टन राहतो. शहात्तर वर्षांचा, मूळचा ऑफली जिल्ह्यातला, जन्मभर सुतारकाम केलेला. बायको गेल्यावर लेकीच्या जवळ राहायला म्हणून इकडे आला. अंगणात त्यानं एक शेड उभारली आहे. वर्षभरात आमचं बोलणं हवामानापलीकडे गेलं नव्हतं. एप्रिलमध्ये एक दिवस अण्णांनी फटीतून पाहिलं तर फिन्टननं सुतारकामाच्या दोन घोड्यांवर अक्रोडाचं एक लांबलचक लाकूड आडवं टाकलं होतं आणि त्यातून बंदुकीचा दस्ता आकार घेत होता. अण्णांची हाक स्वयंपाकघरापर्यंत आली, असं मंजिरी सांगते. "गो मंजिरी, हयसर ये! बघ, ठासणीची! ठासणीची आसा!"

ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या नळीत पुढून, तोंडातून, दारू आणि गोळी घालायची आणि गजानं ठासून तळाशी बसवायची. आमच्या घरी माझ्या आजोबांची, आबांची, तसली एक होती. रानडुकरांपासून शेत राखायला. मी ती पाहिलेली नाही, माझ्या जन्माआधीच सरकारजमा झाली होती. फिन्टनला तरुणपणापासून अशा बंदुकीनं निशाण्यावर नेम धरण्याचा नाद, आणि मरण्याआधी एक स्वतःच्या हातानं करायची होती. मला हे कळल्यावर मी पहिला प्रश्न परवान्याचा विचारला. त्यानं निमूटपणे घरात जाऊन कागद आणून दाखवले. नळी परवानाधारक दुकानदाराकडून आलेली, काम झालं की तपासणीला त्याच्याकडेच जाणार. मी सगळी पानं वाचली. अण्णा मागून म्हणाले, "आता फळीची वॉरंटी पण इचार तेका."

त्या दिवसापासून त्या दोघांच्या खुर्च्या फटीच्या दोन्ही बाजूंना पडल्या, मधे दोन मीटर. ते दोन मीटर मी मोजून दिले होते. अण्णांचं इंग्रजी वर्कशॉपापुरतं, फिन्टनचं ऑफलीचं, इथल्या माणसांनाही दुसऱ्यांदा विचारावं लागतं असं. पण दोघांनाही इंच कळत होता. अण्णांनी त्याला सूत शिकवलं. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, आपल्याकडचे सगळे जुने मिस्त्री सुतातच बोलतात. आठवड्याभरात फिन्टन फटीतून ओरडायला लागला, "अण्णा! तीन सूत?" आणि अण्णा इकडून अंगठा वर करून, "ग्रँड! ग्रँड आसा!" मिलिमीटरमध्ये बोलणारा त्या अंगणात मी एकटाच होतो. अडलं की मंजिरी चहाचे कप घेऊन मधे उभी राहायची आणि इकडचं तिकडे करायची. "मला ह्या बंदुकीचं लायसन्स तुमच्याआधी मिळेल," असं एकदा ती दोघांनाही, दोन्ही भाषांत म्हणाली.

मेच्या शेवटी गजाचा प्रश्न आला. गज नळीच्या खालीच राहतो. दस्त्याच्या पोटात आधी एक खाच, मग लाकडाच्या आतून सरळ जाणारं भोक, त्यात तो सरकवून ठेवायचा. म्हणून भोक पाडण्याआधी गज किती जाड ते ठरवावं लागतं. आणि भोक आंधळं असतं. फूटभर लांबीचं ड्रिल लाकडाच्या आत कुठे वळतं ते दिसत नाही. वर गेलं तर नळीच्या खाचेत फुटतं, खाली गेलं तर पोटातून बाहेर येतं, आणि दस्ता गेला. फिन्टनच्या त्या अक्रोडाच्या फळीला त्यानं पंधरा वर्षं जपलं होतं. दुसरी तशी मिळणं नाही, आणि त्याच्या हातात तेवढी वर्षंही नव्हती. त्यानं विचारलं, तीन सूत की अडीच? अण्णा लगेच म्हणाले, "तीन." फिन्टन म्हणाला, लाकूड कमी उरतंय, भीती वाटते. आणि मग माझ्याकडे बघून, "तू इंजिनिअर ना? तू सांग."

मला बरं वाटलं, हे लपवत नाही. दोन महिने मी त्या फटीशी पाहुणा होतो. मी कॅलिपर आणला, दस्ता सहा ठिकाणी मोजला, रविवारची दुपार बसून आकृती काढली. तीन सुतांचं भोक पाडलं तर नळी आणि भोक यांच्यामध्ये लाकूड उरणार २.४ मिलिमीटर. अडीच सुतांचं पाडलं तर ३.२. ड्रिल त्या लांबीत अडीच मिलिमीटरपर्यंत भरकटू शकतं असं मी धरलं. म्हणजे तीन सूत धोक्यात, अडीच सुरक्षित. मी कागद फटीतून फिन्टनला दिला. अण्णांनी तो मागून घेतला, चष्मा लावून नीट बघितला.

"चार सुतांच्या नळीत अडीच सुतांचो गज?" ते म्हणाले. "नाचतलो तो आतमध्ये."

"नाचला तरी चालेल अण्णा, गोळी तळाला गेल्याशी कारण. भोक फुटलं तर सगळंच जाईल."

"गज हातात कसो लागता तां पण बघूक व्हया, बाबू. नुसतां भोक बघून कसां चलात?"

"हातात कसा लागतो ते मोजता येत नाही," मी म्हणालो. "हे मोजता येतं."

 मी वाट पाहत होतो की अण्णा आता काहीतरी बोलतील, आणि मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं. पण त्यांनी कागदाची नीट घडी केली, फिन्टनला परत दिली आणि म्हणाले, "बरा. तू म्हणतंस तसां." त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा उजव्या तळहातावर फिरत होता. ते मला दिसलं होतं... काही विचारावं असं मात्र वाटलं नाही.

भोक अडीच सुतांचं पडलं. तोवर भेटीगाठींना थोडी मोकळीक मिळाली होती, म्हणून मास्क लावून अण्णा पहिल्यांदा फटीच्या पलीकडे गेले. फिन्टन ड्रिल फिरवत होता आणि अण्णांनी दस्त्याच्या पोटाखाली अंगठा टेकवून ठेवला होता. ड्रिल कुठवर आलं, कुठे वळतंय, ते त्यांना लाकडाच्या थरथरीवरून कळत होतं. मधेच ते "वर, वर" म्हणायचे आणि फिन्टन हात एवढासा उचलायचा. पाऊण तास लागला. मी नंतर आत तार घालून मोजलं. ड्रिल फक्त ०.४ मिलिमीटर सरकलं होतं. माझ्या कागदावर मी अडीच धरले होते. "बघा, सुरक्षित बसलं," असं मी म्हणालो. एवढा मोठा फरक कशामुळे पडला, हे विचारायला पाहिजे होतं. माझ्या कामात मी ते पहिलं विचारलं असतं.

गज अण्णा करणार हे ठरलेलंच होतं. लाकूड फिन्टननं मागवलं, ॲशचं. इथे हर्लिंग नावाच्या खेळाच्या काठ्या ज्या झाडाच्या करतात, तेच. त्याच्या ओळखीच्या एका काठ्या करणाऱ्यानं ऑफलीहून दोन तुकडे पाठवले, करवतीनं कापलेले नव्हे, पाचर ठोकून फाडलेले, म्हणजे रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड. ओलसर होते. अण्णांनी घरभर फिरून जागा शोधली आणि ती सापडली जिन्याच्या वरच्या हॉट प्रेसमध्ये. गरम पाण्याची टाकी असलेलं ते कपाट, त्यात आम्ही टॉवेल ठेवतो. टॉवेलांच्या मागे अण्णांनी ते दोन तुकडे उभे केले. रोज संध्याकाळी जिना चढून एक एक बाहेर काढायचे, उंबऱ्यावर आपटायचे आणि कान देऊन ऐकायचे. ओलं लाकूड बद वाजतं, वाळलं की खणखणतं. खालून मंजिरी विचारायची, "वाळलं का हो अण्णा?" आणि वरून उत्तर, "अजून दोन दिस." असं पाच आठवडे चाललं. मी ओलावा मोजायचं यंत्र आणलं. त्यात अकरा टक्के दिसले त्या दिवशी सांगायला वर गेलो, तर अण्णा तुकडे घेऊन खाली येत होते. "वाळली," म्हणाले. यंत्र मी पाठीमागे धरलं.

पुढचे पंधरा दिवस ते अंगणात होते. फिन्टननं दिलेल्या पोलादी पट्टीत अण्णांनी उतरती भोकं पाडून घेतली, साडेतीन सूत, तीन, अडीच. तुकडा तासून एकेका भोकातून ठोकत ठोकत पलीकडे काढायचा, म्हणजे तो गोल होत बारीक होत जातो. शेवटचा हात काचेचा. मंजिरीचा फुटलेला काचेचा पेला त्यांनी जपून ठेवला होता, त्याच्या धारेनं ते गज खरवडायचे आणि केसासारखे कुरळे धागे पायाशी पडायचे. मुलगी एकदा म्हणाली, "आजोबा, दॅट्स सो सॅटिस्फाइंग," आणि त्यांनी मला विचारलं, "काय म्हणता ती?" मी म्हणालो, "छान चाललंय म्हणते." ते म्हणाले, "एवढां लांब म्हणाली ती?" असे ते खुशीत होते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गज भोकात गेला. फिन्टननं टाळी वाजवली. मी कॅलिपर लावला. वर, मधे, खाली, तिन्हीकडे ७.९४. अडीच सूत म्हणजे बरोबर तेवढेच. "अण्णा, परफेक्ट," मी म्हणालो. ते म्हणाले, "तुझ्या मापाचो आसा."

लांबी त्यांनी कापली नाही. नळीच्या बाहेर दोन इंच राहू दिली. बंदूक पुरी झाली की येईन आणि मी स्वतः कापीन, म्हणाले. मार्चमध्ये येणार होते. खास विमानानं दिल्लीमार्गे त्यांना पाठवलं तेव्हा विमानतळाच्या आत जायला परवानगी नव्हती. दाराशीच त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि सोडण्याआधी अंगठ्यानं एकदा माझा तळहात दाबून बघितला. मला वाटलं, निरोपच आहे.

हिवाळाभर दर रविवारी फोन. "फिन्टन कसो आसा? गज बसलोहा ना?" मी सांगायचो, बसलाय, अगदी मापात. फिन्टनची बंदूक जवळजवळ झाली होती, पण नेमबाजीची मैदानं बंद, त्यामुळे गजानं अजून एकही गोळी ठासली नव्हती. "ग्रँड," अण्णा म्हणायचे आणि मग थोडं थांबायचे. आता वाटतं, ते माझ्यासाठी थांबत असतील. मार्च आला, पुन्हा सगळं बंद होतं. मे आला.

तेराव्या दिवशी आम्ही समोरच्या खोलीत अण्णांचा फोटो ठेवला होता. तिकडे कुडाळात चार माणसांत सगळं उरकलं होतं. विमान मिळून मी पोचेपर्यंत चार दिवस गेले असते, आणि जाळायला तर चार तासही थांबले नव्हते. दुपारी फटीतून फिन्टननं हाक मारली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांब होतं. म्हणाला, "तुझ्या वडिलांनी हे माझ्याकडे ठेवलंय. मुलानं स्वतःहून विचारलं की त्याला द्या, असं सांगितलं होतं. तू काही विचारलं नाहीस. पण आता आणखी थांबू नये असं मला वाटतं."

मी कागद सोडला. दुसरा गज होता. ॲशचाच, तसाच काचेनं खरवडलेला, तेलाचा हात दिलेला. हातात घेतल्याबरोबर कळलं. कॅलिपर आणायला आत गेलो नाही. तीन सूत.

"तुकडे दोन होते ना," मंजिरी मागे येऊन उभी राहिली होती. "एक त्यांनी अडीचपर्यंत नेला, एक तीनला थांबवला."

"तुला माहीत होतं?"

"हो. फिन्टनलाही माहीत होतं. मीच सांगितलं होतं त्याला, अण्णा सांगत होते तसं."

तिथे कुंपणाशी उभं राहून तिनं मला सांगितलं ते असं. आबांच्या बंदुकीचा लोखंडी गज एका पावसाळ्यात नदीत गेला. अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे, नुकताच फिटरचा कोर्स करून आलेले, खिशात पहिल्या पगाराचा व्हर्निअर. आबा म्हणाले, जाड लाकडाचा कर. पण बंदुकीची खाच जुनी, चेपलेली. जाड गज अडकेल, खाच फाटेल, असं अण्णांनी मापं घेऊन सिद्ध केलं आणि बारीक गज करून दिला. खाचेत अगदी छान बसला. भाताच्या दिवसांत आबा गोळी ठासत असताना तो नळीच्या तोंडाशी वाकला, तिरका मोडला आणि त्याचं टोक आबांच्या उजव्या तळहातातून आरपार गेलं. दोन बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत. पुढची एकवीस वर्षं आबा डाव्या हातानं जेवले. हे मी पाहिलेलं आहे. लहानपणी मला वाटायचं की ते डावखुरेच आहेत. कुणी कधी काही सांगितलं नाही, आणि आबांनी अण्णांना त्याबद्दल एक शब्द ऐकवला नाही, असं अण्णा म्हणाले.

"आणि मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण फिन्टन दोन पावलं मागे सरकला.

"मी म्हटलं होतं त्यांना, तुमच्या बाबूला सांगा की," मंजिरी म्हणाली. "तर म्हणाले, 'नको गो. भिवान आयकात तो माझा. हिशेब चुकलो नाय तेचो, अर्धोच केल्यान. उरलेलो तो करतलो. करूक दी तेका.'"

मी आत जाऊन कागद घेतला. फोटोसमोर दिवा चालू होता. उरलेला हिशेब पाच ओळींचा निघाला. गोल काठी किती वाकेल ते तिच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवतात, मला तोंडपाठ आहे. तीन भागिले अडीच, त्याचा चौथा घात, २.०७. अर्धं सूत जाड केला की गज दुपटीहून ताठ. मी भोक मोजलं होतं, लाकूड मोजलं होतं, ड्रिलची चूक धरली होती. गज हातात धरून जो माणूस जोर लावणार, त्याच्या बाजूनं एकही आकडा घेतला नव्हता. अण्णांच्या हाताला जे माहीत होतं त्याला माप होतं. हातात कसा लागतो ते मोजता येत नाही असं त्यांना सांगणारा मीच होतो. आणि हे त्यांना फोन करून सांगायचं होतं. एवढंच, की झाला पुरा हिशेब. रविवारही होता.

जूनच्या दुसऱ्या शनिवारी मी फिन्टनच्या शेडमध्ये गेलो. त्यानं भोक मोठं करायची तयारी मांडली होती. "ठरलं ना?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "तीन सूत." तो म्हणाला, "मग फिरव तू. मी धरतो." मी सांगितलं की हे माझं काम नाही, दस्ता तुझा आहे, पंधरा वर्षांचा आहे, फुटला तर... "तो माझा आहे म्हणूनच सांगतोय," म्हणाला. "पण बरं, उलटं करू. तू धर. फिरवतो मी. तुझे वडील अंगठा कुठे लावायचे, आठवतं?"

आठवत होतं. दस्त्याच्या पोटाखाली मी अंगठा टेकवला. फिन्टननं हळूहळू हात फिरवायला सुरुवात केली. पहिली काही मिनिटं मला नुसती धडधड लागत होती, ती माझीच असावी. मग ती खाली बसली आणि लाकडाच्या आतली वेगळी, बारीक थरथर अंगठ्याला लागायला लागली. ती सरकत होती. कुठे आहे ते मला दिसत असल्यासारखं कळत होतं. एका जागी ती जरा पातळ झाली, कागदाखाली बोट फिरावं तशी, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "वर, वर." मराठीतच. फिन्टननं हात एवढासा उचलला. त्याला तो शब्द येत होता.

वीस मिनिटं लागली. लाकूड कुठेही फुटलं नाही. किती उरलं ते मी मोजलं नाही, आणि फिन्टननंही विचारलं नाही. जाड गज आत सरकवला तेव्हा भोकातली हवा हळूच फुस्स करून बाहेर आली आणि तो तळाला जाऊन बसला. नळीच्या बाहेर दोन इंच. त्याच्या बुंध्याला पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं ते आत गेलं, पण आधी मी वाचलं होतं. "३. आबांसाठी." फिन्टननं छोटी करवत काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं करवत परत खुंटीला लावली. "नियमात काही बसत नाही असा गज," तो म्हणाला, "पण तुझे वडील कापणार होते ना. राहू दे."

बारीक गज त्यानं मला दिला. तो मी घरी आणून हॉट प्रेसमध्ये टॉवेलांच्या मागे उभा केला, दुसरी कुठली जागा सुचलीच नाही. त्याच्यावरही पेन्सिल आहे, जुन्या पद्धतीनं लिहिलेली, "२॥. बाबूच्या मापाचा." मला वाटलं होतं, ते वाचून लाज वाटेल. पण अक्षर फार नीट आहे. चुकीच्या मापाचा गज कुणी इतका मन लावून करील, तिन्ही ठिकाणी सारखा, काचेनं खरवडून, तेल पाजून... तो मी कापलेला नाही आणि कापणार नाही. कुंपणाच्या फळ्या आता दुकानात मिळतात. आणलेल्या नाहीत.

काल संध्याकाळी आंघोळीला टॉवेल घ्यायला वर गेलो. प्रेस उघडला की गरम हवा येते आणि तिच्यात ॲशचा थोडा गोडसर वास अजून आहे. मी गज बाहेर काढला आणि उंबऱ्यावर आपटला. खणखणला. गेल्या वर्षीच वाळलेला आहे तो, त्याला वाजवून बघायचं काही कारण नव्हतं. आवाज खाली गेला असणार, कारण स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.  मग मंजिरीनं खालून विचारलं, "वाळलं का?"

मी गज पुन्हा टॉवेलांच्या मागे उभा केला.

"अजून दोन दिवस," म्हणालो.